तपासाला वेळ लागतो

आमच्या गावच्या वाचनालयात रहस्यकथा दिवसाच्या भाड्यावर मिळायच्या. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार असो, गुरुनाथ नाईकांचा गोलंदाज असो की सुहास शिरवळकरांचा अमर विश्वास, त्यानं गुन्हेगाराला रात्रीत पकडणं आमच्या खिशाच्या दृष्टीनं गरजेचं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुस्तक परत गेलं नाही की वाचनालयाचे काका भाड्याच्या वहीत आणखी एक रेघ ओढत. तपास म्हणजे झटपट उरकायचं काम, हा समज माझ्या डोक्यात तिथंच रुजला. पुढं 'सीआयडी'नं त्याला खतपाणी घातलं. जानेवारी 1998 ते ऑक्टोबर 2018 अशी वीस वर्षं एसीपी प्रद्युम्ननं हवेत बोटं फिरवली की तासाभरात गुन्हेगार हजर.

2020च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि हा हिशेब उलटा झाला. पुस्तक परत करायची घाई नव्हती, ऑफिसची बस नव्हती. हातात वेळ होता, आणि बऱ्याच घरांत दुसरं काहीच नव्हतं. त्याच वर्षी हिंदी-मराठीत गुन्ह्याच्या आणि साहसाच्या मालिकांचा असा काही सुकाळ झाला की आमच्या घरात रात्री नऊनंतर कुणाचा ना कुणाचा खून ठरलेलाच. पाहणारे आम्ही तिघं. मी, कॉलेजात जाणारी माझी मुलगी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. रहस्य ओळखण्याची मुलीला हौस होती. आईचे प्रश्न वेगळेच असत. "ह्या माणसाला जेवायला कधी वेळ मिळतो रे?" हा त्यातला नेहमीचा.

त्या हंगामातल्या बऱ्याच मालिका मी मध्यंतरी पुन्हा चाळल्या. रहस्य माहीत असताना मालिका पाहिली की तिचं हाड न् मांस वेगळं दिसतं. काही मालिका पहिल्या भागातच नकोशा झाल्या, तर काही पहिल्यापेक्षा जास्त आवडल्या. असं का व्हावं, याचं उत्तर शोधताना आईचाच प्रश्न कामी आला. गुन्हेगार कोण, हे एकदा कळलं की संपतं. तपास करणाऱ्याचे दिवस कुठं आणि कसे गेले, हे मात्र पुन्हा पाहता येतं. ज्या मालिकेनं हा वेळ प्रामाणिकपणे दाखवला, ती टिकली.

जुनं घड्याळ

टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात, 28 मार्चपासून, दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतलं आणि त्याच सुमारास 'ब्योमकेश बक्षी'ही परत आला. बासू चॅटर्जींची ही मालिका 1993ची. शरदिंदू बंद्योपाध्यायांच्या कथा, ब्योमकेशच्या भूमिकेत रजित कपूर आणि सोबतीला के. के. रैनांचा अजित. नेपथ्य साधं, एका खोलीत चार माणसं बसून बोलताहेत. तरी आजही कंटाळा येत नाही, कारण ब्योमकेश समोरच्याला पुरतं बोलू देतो. चहा येतो, पंखा फिरतो आणि ऐकता ऐकता त्याचं उत्तर तयार होतं. मालिका छोटी, पण आत शिरल्यावर प्रशस्त वाटते.

मराठीतही ही वाट आधी मळलेली होती. 'सीआयडी' करणाऱ्या बी. पी. सिंग यांनी मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका केली होती आणि पुढं एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम तिथं तपास करायला शिकले होते. 'सीआयडी'त आलं ते त्याच कामाचं मोठं, चकचकीत आणि घाईचं रूप.

घरबसल्या हव्या त्या वेळी पाहायच्या मालिका आल्या आणि घड्याळ बदललं. 6 जुलै 2018ला आलेल्या 'सेक्रेड गेम्स'नं तर गोष्टीलाच घड्याळ बांधलं. पंचवीस दिवसांत मुंबईवर संकट येणार आणि सरताज सिंगला ते रोखायचंय. काटा टिकटिकत होता, पण मराठी प्रेक्षकांच्या लक्षात राहिला तो जितेंद्र जोशींचा काटेकर. साहेबांच्या मागं घरादाराचा विचार करत धावणारा हवालदार. संकटाचं काय झालं हे लोक विसरले, काटेकरला विसरले नाहीत. 2020च्या हंगामाचं बी तिथं होतं.

एकोणीस वर्षं आणि किरकोळ खर्च

साहसमालिकांपासून सुरुवात करतो, कारण वेळेचा सगळ्यात जास्त घोळ तिथंच होतो. हेर विमानातून उतरतो, पुढच्या दृश्यात दुसऱ्या देशात असतो आणि थकवा कुणालाच येत नाही.

17 मार्चला आलेल्या 'स्पेशल ऑप्स'नं यावर छान तोड काढली. नीरज पांडे यांची ही आठ भागांची मालिका 13 डिसेंबर 2001च्या संसदेवरच्या हल्ल्यापासून सुरू होते. मारले गेलेले हल्लेखोर पाच. सूत्रं हलवणारा सहावा माणूस निसटला, असं 'रॉ'च्या हिम्मत सिंगचं म्हणणं. त्याच्या मागं तो एकोणीस वर्षं लागतो. पण ही एकोणीस वर्षं आपल्याला कळतात ती एका चौकशीतून. दोन अधिकारी समोर बसलेत आणि हिम्मतनं वर्षानुवर्षं किरकोळ खर्चाच्या नावाखाली उचललेल्या पैशांचा हिशेब मागताहेत. "पगार कोण देतं ह्या लोकांना?" असं आईनं विचारलं आणि नेमका तोच प्रश्न पडद्यावर सुरू होता.

के. के. मेनन यांनी हिम्मत असा उभा केला आहे की त्याचं हेर असणं आपण विसरतो. एखाद्या सरकारी कचेरीत ऑडिटच्या आक्षेपांना उत्तरं देणारा, निवृत्तीकडं झुकलेला अधिकारी वाटतो. मुलगी वयात आली म्हणून तिच्यावरही पाळत ठेवणारा बाप. परदेशात पेरलेल्या तरुण हेरांचे पाठलाग मात्र मला दुसऱ्यांदा पाहताना पुढं ढकलावेसे वाटले. ते सगळे देखणे, चपळ आणि एकमेकांसारखे. मालिकेचा जीव त्या चौकशीच्या खोलीत आहे, जिथं एकोणीस वर्षं कागदावर उतरतात.

31 जुलैला आलेल्या 'अवरोध'ला ही सोय नव्हती. 18 सप्टेंबर 2016चा उरीचा हल्ला आणि 28-29 तारखेच्या रात्रीचा सर्जिकल स्ट्राइक, यांतले दिवस तिनं दाखवले. शेवट देशाला ठाऊक होता आणि 'उरी' हा चित्रपट आधीच गाजलेला. तरी तयारीचे भाग मला आवडले. नकाशे, बैठका, कुणाला किती सांगायचं याची काळजी. प्रत्यक्ष कारवाई सुरू झाली की मात्र मालिका चित्रपटाच्या मागं धावायला लागते, आणि पैशाच्या शर्यतीत मालिकेनं चित्रपटाला गाठणं कठीण.

जमनापारचा हाथीराम

15 मे रोजी 'पाताल लोक' आली आणि त्या हंगामाची उंची ठरली. दिल्लीच्या यमुनापार भागातलं एक दुय्यम पोलीस ठाणं, तिथं वर्षानुवर्षं अडकलेला इन्स्पेक्टर हाथीराम चौधरी. एका नामवंत पत्रकाराच्या खुनाचा कट केल्याच्या आरोपाखाली चार जण पुलावर पकडले जातात आणि तो पूल योगायोगानं त्याच्या हद्दीत पडतो. एवढ्यावर त्याच्या नशिबाला मोठी केस येते. तीही लवकरच काढून घेतली जाते आणि त्याला घरी बसवलं जातं.

मालिकेची खरी गोष्ट इथून पुढं आहे. अधिकार नसलेला पोलीस स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या वेळात हिंडतो. चार आरोपींपैकी प्रत्येकाच्या मागं एक गाव आहे, एक जात आहे, कुठं धर्म आहे, कुठं घरातून हाकललं जाणं आहे. चित्रकूटच्या बाजूला त्यांतल्या त्यागीचं आयुष्य उलगडतं तेव्हा तपास आणि समाजशास्त्र वेगळं उरत नाही. दुसरा आरोपी कबीर, त्याच्या बापानं आपल्या मुलाला ओळखीपासून वाचवायला काय काय केलं, हे कळतं त्या दृश्यात घरात कुणी बोललं नव्हतं. जयदीप अहलावत यांचा हाथीराम घरीही हरलेला आहे. मुलाला महागड्या शाळेत घातलंय आणि त्या शाळेत मुलगा एकटा पडलाय. बापाला ते समजून घ्यायलाही सवड नाही.

सुदीप शर्मा यांच्या या मालिकेचे दोन दिग्दर्शक होते, प्रोसित रॉय आणि अविनाश अरुण. मराठी प्रेक्षकांना अविनाश अरुण 'किल्ला'मुळं ठाऊक. बदलीच्या नोकरीतली विधवा आई, कोकणातल्या नव्या गावात रमू न शकणारा तिचा मुलगा आणि पाऊस. 2014च्या बर्लिन महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळानं त्या चित्रपटाला क्रिस्टल बेअर दिला होता. 'किल्ला'त काही घडत नाही, असं कुणी म्हणालं की मला वाटतं, थांबून पाहण्याची ती सवयच 'पाताल लोक'च्या कामी आली. हाथीराम आणि त्याचा मुलगा समोरासमोर आले की कॅमेरा घाई करत नाही.

दोष आहेत. शेवटच्या दोन भागांत सगळी गाठ खुलाशांनी सोडवली जाते. इतका वेळ पायी चाललेली मालिका अचानक रिक्षा करते. पत्रकाराच्या बंगल्यातल्या प्रसंगांना जमनापारचा जिवंतपणा नाही. पण ज्या हंगामात बहुतेक पोलीस खांद्यावर कॅमेरा घेऊन जन्मल्यासारखे चालत होते, त्यात बेल्टच्या वर पोट आलेला हा माणूस खरा वाटला.

नुसती घाई, नुसता ताण

पौराणिक आधार घेणाऱ्या दोन मालिकांची लोकांत भरपूर चर्चा झाली. मार्चमधली 'असुर' आणि 10 जुलैची 'ब्रीद: इनटू द शॅडोज'. 'असुर'मध्ये वाराणसी आहे, सीबीआयचा न्यायवैद्यक विभाग आहे आणि कली-कल्कीच्या कथेत स्वतःला पाहणारा खुनी. अर्शद वारसी आणि बरुण सोबती यांच्यातला तणाव पाहण्यासारखा. मुलीला ती इतकी आवडली की दोन रात्रींत संपवली. दुसऱ्यांदा मात्र आम्हा दोघांनाही चार भागांच्या पुढं जाता आलं नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी धक्का आहे आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीला त्या धक्क्याची निरवानिरव. मधल्या जागेत माणसांना श्वास घ्यायला फुरसत नाही.

'ब्रीद'चं दुखणं याच्या नेमकं उलट. बारा भाग. मानसोपचारतज्ज्ञ नवरा आणि शेफ बायको अशा जोडप्याची मुलगी पळवली जाते आणि सुटकेची अट म्हणून खून करायला सांगितलं जातं. रावणाच्या दहा डोक्यांचं रूपक सोबत. रहस्य निम्म्याच्या आसपास उघडं पडतं आणि उरलेले भाग, मुलीच्या शब्दांत, "पाहुणे गेल्यावर उरलेल्या भाजीसारखे". त्यातला कबीर सावंत हा मुंबईहून दिल्लीला बदली झालेला पोलीस अमित साध यांनी आब राखून केला आहे. पण त्याला करायला काम पुरेसं नाही.

त्याच 10 जुलैला आलेली 'अनदेखी' मला जास्त चोख वाटली. मनालीतलं श्रीमंताघरचं लग्न, दारू चढलेला पापाजी नाचणाऱ्या मुलीवर गोळी झाडतो आणि लग्नाचं चित्रण करणाऱ्या तरुणाच्या कॅमेऱ्यात ते टिपलं जातं. पुरावा पहिल्याच भागात हाती आला. पुढचा सगळा वेळ तो दाबण्यात जातो. इतकी माणसं इतक्या सहजपणे त्या कामाला लागतात की गोळीपेक्षा त्या सहजपणाची भीती वाटते. हर्ष छाया यांचा पापाजी विसरता येत नाही आणि बंगालहून दुसऱ्याच तपासासाठी आलेले दिब्येंदू भट्टाचार्य यांचे घोषबाबू गोड बोलत, आपल्या चालीनं जाळं आवळतात.

'मिर्झापूर'चा दुसरा सीझन 23 ऑक्टोबरला आला. पहिल्यानंतर दोन वर्षं वाट पाहिलेल्यांनी तो रात्रीतच संपवला. सूड उगवायला सीझनभर लागला आणि तोवर शिव्यांची धार बोथट झाली होती. आईला या मालिकेतून सूट दिली होती.

बायकांच्या वाट्याचा वेळ

या हंगामानं बायकांना गुन्ह्याच्या मधोमध आणलं, हे मान्य करायला हवं. 'शी' मार्चमध्ये आली. भूमिका परदेशी ही मुंबई पोलिसांतली हवालदार, घरी आजारी आई आणि बहीण. आदिती पोहनकर यांनी तिचं बुजरेपण आणि ओढगस्त दोन्ही खरी केली आहेत. त्या घरातले प्रसंग चालू असताना आम्ही तिघंही पडद्याला खिळलो होतो. गुप्त मोहिमेवर पाठवल्यावर मात्र मालिकेला तिच्या कामापेक्षा तिच्या देहात जास्त रस वाटू लागतो आणि हवालदार मागं पडते.

जूनमधली 'आर्या' पेनोझा या डच मालिकेवरून घेतलेली. राजस्थानातलं औषधांच्या धंद्याआडचं अफूचं साम्राज्य, नवऱ्याचा खून आणि पैसे फेडायची मुदत डोक्यावर असलेली बाई. सुष्मिता सेन यांची ही पुनरागमनाची मालिका. तिच्यातला ताण बंदुकांमुळं येत नाही. मुलांची शाळा, त्यांचे प्रश्न, त्यांच्यापासून लपवायच्या गोष्टी आणि मध्येच येणारा धमकीचा फोन, अशी तिच्या दिवसाची फोड आहे. घर सांभाळून दुसरं काही करणाऱ्या कुठल्याही बाईला तो दिवस ओळखीचा वाटावा.

या सगळ्यांच्या आधीची, 2019ची 'दिल्ली क्राइम' याच वर्षी पुन्हा बातमीत आली. नोव्हेंबरमध्ये तिला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा आंतरराष्ट्रीय एमी मिळाला आणि तो मिळवणारी ती पहिली भारतीय मालिका ठरली. डिसेंबर 2012च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या रात्रीनंतरचे काही दिवस एवढाच तिचा आवाका. शेफाली शाह यांची डीसीपी वर्तिका ठाण्यातून हलत नाही आणि कुणाला हलू देत नाही. अत्याचार पडद्यावर दाखवायचा नाही, हा रिची मेहता यांचा निर्णय मला फार मोठा वाटतो. वाचलेला सगळा वेळ त्यांनी जागरणाला, फोनला आणि आरोपींच्या मागं लांब गेलेल्या साध्या पोलिसांना दिला.

पंधरा दिवसांचा गुन्हा

9 ऑक्टोबरला 'स्कॅम 1992' आली. एकही खून नसलेली ही मालिका आमच्या घरात सगळ्यांत जास्त चर्चिली गेली. सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांच्या पुस्तकावरून हंसल मेहता यांनी केलेली, दहा भागांची. घाटकोपरच्या चाळीतून निघालेला हर्षद मेहता प्रतीक गांधी यांनी इतक्या उमेदीनं उभा केलाय की प्रेक्षक नकळत त्याच्या बाजूला जातो, आणि मग स्वतःवरच चिडतो.

पण माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाचं आहे ते गुन्ह्याचं स्वरूप. बँकांना ठेवींचा ठरावीक हिस्सा सरकारी रोख्यांत ठेवावा लागे. एका बँकेला तात्पुरती रोकड हवी असली की ती दुसरीला रोखे विकायची आणि साधारण पंधरा दिवसांनी ठरलेल्या किमतीला परत घ्यायची. मध्ये दलाल. पैसे दलालाच्या खात्यातून जायला लागले आणि रोख्यांच्या जागी नुसत्या बँकेच्या पावत्या फिरायला लागल्या. दोन बँकांच्या मधल्या त्या थोड्या दिवसांत तो पैसा शेअर बाजारात खेळत होता. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह या बँकांनी मागं रोखेच नसलेल्या पावत्या दिल्याचं पुढच्या चौकशीत उघड झालं. म्हणजे इथं चोरीला गेला तो आधी वेळ, आणि त्याच्या मागोमाग पैसा. हे पडद्यावर समजावून सांगणं सोपं नव्हतं. मालिकेनं ते गप्पांतून, चहाच्या टपरीवरून, बातमीदाराच्या प्रश्नांतून सांगितलं. माझी आई आयुष्यभर पोस्टातच पैसे ठेवणारी. चौथ्या भागानंतर ती म्हणाली, "म्हणजे दुसऱ्याच्या पिठावर ह्यानं पोळ्या लाटल्या." अर्थशास्त्राच्या पुस्तकात इतकी सोपी व्याख्या मी वाचली नाही.

मराठीच्या अंगणात

मराठीनं या वर्षात दोन टोकं दाखवली. मार्चमध्ये आलेली 'समांतर' सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची. सतीश राजवाडे दिग्दर्शक, स्वप्नील जोशी कुमार महाजन. आपण जगतोय ते आयुष्य दुसऱ्या एका माणसानं आधीच जगून झालंय, असं कळल्यावर कुमार त्या सुदर्शन चक्रपाणीला शोधायला निघतो. हाही तपासच, फक्त स्वतःच्या उद्याचा. पुस्तक एका रात्रीत संपवणाऱ्या माझ्या पिढीला शिरवळकर पडद्यावर नऊ भाग पुरतात, याचंच अप्रूप वाटलं. मालिका मधे रेंगाळते, पण चक्रपाणीच्या शोधातली अस्वस्थता धरून ठेवते.

दुसरं टोक 31 ऑगस्टला सुरू झालेली झी मराठीवरची 'देवमाणूस'. वाई परिसरातल्या 2016 सालच्या प्रकरणावरून ती सुचल्याचं मानलं गेलं. गावात देव मानला जाणारा डॉक्टर खुनी आहे, हे प्रेक्षकाला सुरुवातीपासून ठाऊक. किरण गायकवाड यांचं थंड हसू आणि सरू आजीच्या म्हणी यांवर रात्री साडेदहाची वेळ तरून गेली. रोजच्या मालिकेत वेळ दाखवायचा नसतो, काढायचा असतो. पुरावा हाती येतो, निसटतो, पुन्हा येतो. दिवाळीत आई म्हणाली, "हा पकडला जायला पुढचा गणपती उजाडणार." मालिका संपली 15 ऑगस्ट 2021ला, गणपतीच्या जेमतेम महिनाभर आधी. एवढा अचूक तपास त्या मालिकेतल्या कुणीच केला नव्हता. मात्र एक कबूल केलं पाहिजे. गावानं खुन्याच्या पाया पडत राहणं, आणि आपण रोज ते हतबल होऊन पाहणं, यात एक सत्य होतं. अशी माणसं खरोखर वर्षानुवर्षं सापडत नाहीत. 'देवमाणूस'नं ती वर्षं दाखवली, फक्त त्यांत पाणी फार घातलं.

उरलं ते

जानेवारी 2025मध्ये 'पाताल लोक'चा दुसरा सीझन आला. पहिल्या सीझनमध्ये हाथीरामच्या हाताखाली, यूपीएससीची पुस्तकं वाचत काम करणारा इम्रान अन्सारी आता वरिष्ठ अधिकारी होऊन समोर आला. हाथीराम मात्र तिथंच, इन्स्पेक्टर. दोघं भेटतात तेव्हा सॅल्यूट कुणी कुणाला करायचा यावर क्षणभर दोघांचीही पंचाईत होते. मधली पावणेपाच वर्षं प्रेक्षकानंही खरोखर काढली होती. त्यामुळे दिग्दर्शकाला काही सांगावं लागलं नाही.

आता आई लवकर झोपते. तो भाग तिला दुपारी लावून दिला. दोघं समोरासमोर आले तेव्हा तिनं चष्मा पुसला आणि हाथीरामकडं बोट दाखवून म्हणाली, "वाळला रे हा." मग थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाली, "जेवायला वेळ मिळत नसणार."

त्या वर्षी मी ब्योमकेशपासून पापाजीपर्यंत डझनभर मालिका पाहिल्या. वाचनालयाच्या काकांनी आज विचारलं तर परत न करता ठेवून घ्याव्या अशा चारच निघतील. 'पाताल लोक', 'दिल्ली क्राइम', 'स्कॅम 1992' आणि 'स्पेशल ऑप्स'मधली ती चौकशीची खोली. भाडं कितीही चढलं तरी चालेल.